मिरे आडनावाचा साहेब आणि आईचं जायफळ

मॉरिशसचे आठ दिवस. त्यातले सहा समुद्रात पाय बुडवून बसण्यात गेले, एक पावसात. किनाऱ्यांबद्दल लिहायला माझ्याकडे काहीच नाही. निळं पाणी निळंच असतं. लिहायचंय ते पाम्प्लमूसच्या बागेबद्दल. पाम्प्लमूस म्हणजे आपल्या पपनसाच्या जातकुळीतलं फळ, गावाला नाव त्याचंच.

ड्रायव्हरने गेटवर उतरवून घड्याळ दाखवलं, ‘दीड तास.’ बाग सदतीसेक हेक्टर! त्यात मी पुणेरी बाणा दाखवून गाइड नाकारला. ‘झाडंच तर बघायचीत.’ अर्ध्या तासात तिसऱ्यांदा त्याच बाओबाबपाशी पोचलो, तेव्हा आई नुसती बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं. मुकाट्याने परत जाऊन गाइड घेतला. साठीचे गृहस्थ, भोजपुरी वळणाची हिंदी. आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर खुलले: ‘हमारे यहाँ भी गणेश चतुर्थी की छुट्टी होती है!’

सगळे ज्यासाठी येतात ते कमळांचं तळं आधी उरकलं. व्हिक्टोरिया अमेझोनिकाची पानं म्हणजे पाण्यावर मांडून ठेवलेल्या पराती, काठ तसेच उभे. फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. हे सगळं मी सेल्फी काढणाऱ्यांच्या कोपरांमधून पाहिलं. अल्डाब्राची महाकाय कासवं, मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांची समाधी (1988 पासून बागेला त्यांचंच नाव आहे), आयुष्यात एकदाच फुलून मरणारे तालीपोट माड, सगळं भराभर.

मग गाइडकाका एका गर्द, साध्याच दिसणाऱ्या झाडाखाली थांबले. खाली पडलेलं, छोट्या पेरूएवढं पिवळं फळ उचलून त्यांनी आईच्या हातात दिलं. फळ मधोमध उकललेलं. आत काळपट चकचकीत बी आणि तिच्याभोवती लालभडक जाळी, कुणी क्रोशाने विणल्यासारखी. आईने नखाने जाळी जरा सोलली, हुंगली आणि ओरडलीच, ‘अरे, ही जायपत्री! हे जायफळ आहे!’

अडुसष्ट वर्षांची बाई. श्रीखंडात, बासुंदीत जन्मभर जायफळ किसलं. मला झोप यावी म्हणून सहाणेवर उगाळून चाटवलं. पण झाडावरचं फळ कधी पाहिलं नव्हतं. कोकणातल्या बागांमध्ये जायफळ होतं, हे आम्हा पुणेकरांना ऐकूनच माहीत.

काका आता रंगात आले. जायफळ-लवंगेवर तेव्हा डचांची मक्तेदारी. आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांबाहेर रुजणारं बी जाऊ नये म्हणून जायफळं चुन्यात घोळवून विकायचे. ही मक्तेदारी मोडली पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाने. प्वाव्र म्हणजे फ्रेंचमध्ये मिरी; आपल्याकडे असता तर मिरेसाहेब झाला असता. तरुणपणी इंग्रजांशी झालेल्या समुद्रावरच्या चकमकीत उजवा हात गमावलेला. पुढे या बेटाचा कारभारी झाला आणि माणसं पाठवून 1770 मध्ये जायफळ-लवंगेची रोपं चोरून आणवली. लावली ती याच बागेत. गव्हर्नर लाबूर्दोनेच्या काळात, 1730च्या दशकात, इथे भाजीमळा होता. मिरेसाहेबांनी त्याची मसाल्याची बाग केली, आणि सेरे नावाच्या माळ्याने ती पुढे निगुतीने वाढवली.

आई ऐकत होती आणि ते फळ हळूच रुमालात गुंडाळत होती. काकांनी पाहिलं. ‘माताजी, बाहर नहीं ले जा सकते.’

‘त्या मिऱ्याला चालतं, मला नाही?’ आई मराठीतच म्हणाली. काकांना शब्द कळले नसावेत, सूर कळला. हसून त्यांनी हात पुढे केला. आईने फळ दिलं, पण आधी बोटांवर जायपत्री चांगली चोळून घेतली.

दीड तासाचे पावणेदोन झाले. ड्रायव्हर फुगलेला. बागेला वेळ नसलेल्या या माणसाने पुढे जहाजांच्या मॉडेलच्या दुकानात मात्र आम्हाला तासभर बसवलं. कमिशन असणार, दुसरं काय. विक्रेत्याने शिडांचं एक जुनं फ्रेंच जहाज समोर ठेवलं, किंमत माझ्या तिकिटाच्या निम्मी. मी ‘नो, नो’ म्हणत होतो. आई बोटं नाकाशी धरून जहाजाच्या पोटात वाकून बघत होती.

‘काय रे, ह्यात ती रोपं कुठे लपवली असतील?’