प्रार्थनेचं कार्ड आणि आपलं मत

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये खासदार ६५० आणि बसायच्या जागा सुमारे ४२७. बुधवारी दुपारी बाराला पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं असतात, तेव्हा तर पायऱ्यांवरही दाटीवाटी. ज्याला जागा हमखास हवी, त्याने आपल्या नावाचं प्रार्थना-कार्ड बाकाच्या पाठीवरच्या खोबणीत लावायचं आणि कामकाजाआधीच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, प्रार्थनेला स्वतः हजर राहायचं. प्रार्थना तीनेक मिनिटांची. खासदार मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, ती संपली की जागा दिवसभर त्यांची. हजेरीची सक्ती कुणावर नाही. पण प्रार्थना चुकवली तर कार्डाचा उपयोग नाही, मग खासदार नास्तिक असो, हिंदू असो की मुसलमान.

धर्म आणि राजकारण वेगळं ठेवण्याचा धडा आपण इंग्रजांकडून घेतला, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तिला इथे ब्रिटनमध्ये रोज तडा जातो. वरिष्ठ सभागृहात चर्च ऑफ इंग्लंडचे २६ बिशप पदसिद्ध सदस्य म्हणून बसतात आणि कायद्यांवर मतदान करतात. १७०१च्या कायद्यामुळे आजही कॅथलिक व्यक्ती राजा होऊ शकत नाही. आणखी एक गंमतीदार कलम १८२९ आणि १८५८च्या कायद्यांत आहे: चर्चमधल्या नेमणुकांबाबत राजाला सल्ला द्यायला कॅथलिक आणि ज्यू व्यक्तींना मनाई. हिंदूंना मात्र नाही, कारण हिंदू माणूस पंतप्रधान होईल हे त्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे २०२२ मध्ये ऋषी सुनक आले तेव्हा कायद्याची काहीच अडचण झाली नाही. राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ मे २०२३ रोजी, त्यांनीच वेस्टमिन्स्टर ॲबीत बायबलमधला उतारा वाचला.

इथवर यायला या देशाला किती झगडावं लागलं, ते मराठी वाचकांनी जरूर माहीत करून घ्यावं. लायोनेल द रॉथशिल्ड १८४७ मध्ये लंडन शहरातून निवडून आले. ते ज्यू होते आणि शपथेत ‘ख्रिस्ती श्रद्धेला स्मरून’ अशा अर्थाचे शब्द होते, म्हणून ११ वर्षं त्यांना बाकावर बसू दिलं नाही. त्याहून मोठा लढा चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा. हे उघड नास्तिक. १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनने त्यांना निवडून दिलं. देवाची शपथ न घेता प्रतिज्ञा करतो म्हणाले, तर नाही म्हटलं गेलं. बरं, शपथ घेतो म्हणाले, तर तुमचा देवावर विश्वासच नाही, मग शपथ कशी चालेल? एक रात्र त्यांना संसदेच्याच घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवलं, पुढच्या वर्षी धक्के मारून सभागृहाबाहेर काढलं. मतदारसंघाने त्यांना १८८१, १८८२ आणि १८८४ मध्ये पुन्हापुन्हा निवडलं. १८८६ मध्ये ते अखेर बसले आणि १८८८ मध्ये प्रतिज्ञेची मुभा देणारा कायदा त्यांनीच करून घेतला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८९ मध्ये, हे ब्रॅडलॉ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. हिंदुस्थानचे प्रश्न ते संसदेत इतके लावून धरत की ‘हिंदुस्थानचे खासदार’ अशीच त्यांची ओळख झाली. मग १८९२ मध्ये मुंबईचे दादाभाई नौरोजी फिन्सबरी सेंट्रलमधून ५ मतांनी जिंकले आणि अवेस्ता या पारशी धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेऊन आत गेले.

आपल्या संविधानात ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ हे दोन्ही पर्याय पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी आहेत. कुणाला मनोऱ्यात कोंडावं लागलं नाही. याचा अभिमान वाटायलाच हवा, आणि इथल्या लोकांना तो सांगायलाही हवा.

मग आजचा प्रश्न. खासदार कुठल्याही धर्माचा असो, आत बसू शकतो. पण मत देताना मतदाराने त्याची श्रद्धा विचारात घ्यावी का? ‘खाजगी बाब आहे, विचारू नये’ हे सुसंस्कृत उत्तर इथे पुष्कळ ऐकू येतं. ब्रिटनपुरतं तरी ते अपुरं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण संसदेच्या कामाच्या पद्धतीत आहे.

काही विषयांवर इथले पक्ष व्हिप काढतच नाहीत: गर्भपात, समलिंगी विवाह, असाध्य रुग्णाला मरणासाठी मदत. त्याला सदसद्विवेकाचं मतदान म्हणतात. इच्छामरणाचं विधेयक २९ नोव्हेंबर २०२४ रोजी ३३० विरुद्ध २७५ असं पुढे सरकलं, २० जून २०२५ रोजी ३१४ विरुद्ध २९१ असं कॉमन्समध्ये मंजूर झालं. म्हणजे २३ मतांचा फरक. बारा जणांनी उलटं मत दिलं असतं तर विधेयक पडलं असतं. तिथे खासदाराला वाट दाखवायला पक्षाचा जाहीरनामा नव्हता, फक्त त्याचं स्वतःचं मन होतं. त्या मनात काय आहे हे मतदाराने निवडणुकीपूर्वी विचारू नये, तर कधी विचारावं?

आपल्याकडे गणित उलटं आहे. शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्यापासून दहावं परिशिष्ट महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही पाठ झालंय: व्हिप मोडला की आमदारकी-खासदारकी धोक्यात. इथे व्हिप मोडला तर पक्ष फार तर गटातून काढतो. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाने सात जणांना असं काढलं, पण त्यांच्या जागा शाबूत राहिल्या. म्हणजे भारतात उमेदवाराची वैयक्तिक श्रद्धा कायद्यापर्यंत पोचण्याची वाट जवळजवळ बंद आहे. तिथे पक्षाची भूमिका पाहावी, उमेदवाराच्या कपाळावरचं गंध पाहून काही कळत नाही. आणि तरी गंध, टोपी, आडनाव यांची चर्चा आपल्याकडेच जास्त. हे मान्य करायला जड जातं.

प्रश्न विचारायचा तर कुठला, इथेच बहुतेकांची चूक होते. २०१७ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते टिम फॅरन यांना पत्रकारांनी पुन्हापुन्हा विचारलं, समलिंगी संबंध पाप आहेत का? ते श्रद्धाळू ख्रिस्ती. उत्तर देताना अडखळले, आणि निवडणुकीनंतर आठवड्याभरात पद सोडत असल्याचं जाहीर केलं. मला हा प्रश्नच अन्यायाचा वाटतो. पाप काय हे ठरवणं खासदाराचं कामच नाही. २०१३च्या समलिंगी विवाह विधेयकाच्या दुसऱ्या वाचनात त्यांनी बाजूने मत दिलं होतं, आणि ती नोंद सगळ्यांना खुली होती.

२०२३ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नेतेपदाच्या निवडणुकीत केट फोर्ब्ज यांना मात्र नेमका प्रश्न विचारला गेला: तुम्ही २०१४ मध्ये सभागृहात असता तर समलिंगी विवाहावर कसं मत दिलं असतं? त्या म्हणाल्या, विरोधात, पण आता जो हक्क कायद्याने दिला आहे तो राखीन. स्पष्ट उत्तर. त्या हरल्या, अंतिम फेरीत सुमारे ४८ टक्के मतं मिळवून. जिंकलेले हमजा युसुफ मुसलमान, आणि तेच कॅमेऱ्यासमोर समान हक्कांच्या बाजूने बोलत होते. तेव्हा २०१४च्या अंतिम मतदानाला ते गैरहजर का होते, हा प्रश्न निघाला. मशिदींच्या दबावामुळे, असा आरोप झाला. सरकारी कामाची बैठक होती, असं सांगून त्यांनी तो फेटाळला. खरं-खोटं काही असो, गैरहजेरीचा रकाना वाचायला यातून शिकावं.

नुसत्या धर्माच्या नावावर मत टाकलं तर काय होतं, ते लेस्टर ईस्टमध्ये दिसलं. तिथे हिंदू मतदार मोठ्या संख्येने आहेत. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाचे राजेश अग्रवाल आणि हुजूर पक्षाच्या शिवानी राजा, दोघंही हिंदू. ‘आपल्या माणसाला मत द्या’ या सल्ल्याचा तिथे काय अर्थ उरतो? राजा जिंकल्या. १९८७ पासून मजूर पक्षाकडे असलेली जागा गेली, आणि मजूर पक्षातून बाहेर पडलेले दोन माजी खासदारही रिंगणात असल्याने मतं फुटली होती. ही निवडणूक धर्मावर समजावून सांगताच येत नाही.

दबावाचं उदाहरण लंडनच्या टॉवर हॅम्लेट्सचं. मे २०१४ च्या महापौर निवडणुकीआधी एका बंगाली साप्ताहिकात १०१ इमाम आणि विद्वानांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. लुत्फुर रहमान यांना मत देणं हे धार्मिक कर्तव्य आहे, असा त्याचा सूर. इतर गैरप्रकारांसोबत याचीही दखल घेऊन २३ एप्रिल २०१५ रोजी निवडणूक न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि रहमान यांना पाच वर्षं अपात्र ठरवलं. २०२२ मध्ये ते पुन्हा निवडून आले. धार्मिक दबावाविरुद्धच्या या कायद्याचं मूळ एकोणिसाव्या शतकात, आयर्लंडमधले कॅथलिक धर्मगुरू मतदारांना परलोकाची भीती घालत त्या काळात आहे.

इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत त्या वेळी असा सूर होता की हे असं ‘तिकडचं’ राजकारण आहे. तेव्हा सांगावंसं वाटतं: तिकडे, म्हणजे भारतात, कायदा जास्त कडक आहे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावावर मत मागणं हाच भ्रष्ट आचार. डिसेंबर १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक त्याखाली रद्द झाली आणि खुद्द बाळासाहेब ठाकरे यांचा मताचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ असा निकाल देऊन त्याची कक्षा मतदाराच्या धर्मापर्यंत वाढवली, तेही १९९० च्या सांताक्रूझ निवडणुकीच्या खटल्यात. ब्रिटनमध्ये धर्माच्या नावावर मत मागायला अशी बंदीच नाही. कायदा असून आपण तो किती पाळतो, हा वेगळा विषय, आणि त्यावर घरच्यांशी वाद घालणं सोपं नसतं.

आता कामाचं. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्याला, राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून, संसदेच्या निवडणुकीतही मत आहे. अनेक मराठी कुटुंबांना हे वर्षानुवर्षं ठाऊक नसतं. नोंदणी ऑनलाइन होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवसांपूर्वी ती व्हायला हवी, आणि घर बदललं की पुन्हा. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी, फोटोवरून तुम्ही ओळखू आलात तर. अडचण येते ती नावाची: पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि यादीत सासरचं, असं असेल तर विवाहाचा दाखला सोबत न्या. नुसतं मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कमी-जास्त असेल तर सहसा अडत नाही.

विद्यमान खासदाराची मतं ‘दे वर्क फॉर यू’ या संकेतस्थळावर पिनकोड टाकून दिसतात. तिथे ‘गैरहजर’चा अर्थ आजारपण, दौरा किंवा मुद्दाम टाळणं, काहीही असू शकतो, म्हणून लगेच निष्कर्ष नको, विचारा. नव्या उमेदवारांना गाठायची जागा म्हणजे हस्टिंग्ज, सगळ्या उमेदवारांची एकत्र सभा. ती बऱ्याचदा चर्चच्या सभागृहातच भरते, आणि प्रश्न आधी लिहून द्यावे लागतात. ‘तुम्ही देव मानता का’ असं लिहाल तर चिठ्ठी बाजूला पडेल. त्याऐवजी लिहा: ‘इच्छामरणाच्या विधेयकावर व्हिप नसताना तुम्ही कसं मत द्याल, आणि मतदारसंघातल्या बहुसंख्यांचं मत वेगळं असेल तर काय कराल?’ धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मंदिराला, चर्चला किंवा मशिदीला कुणा उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर तसा निरोप फिरला तर समितीला हा नियम दाखवा.

ईमेल करणार असाल तर खाली आपला पूर्ण पत्ता आणि पिनकोड लिहायला विसरू नका. खासदारांची कार्यालयं आपल्या मतदारसंघाबाहेरच्या पत्रांना उत्तर देत नाहीत.