तुम्ही विचारलंत म्हणून : ओला डार्सी कितव्या पानावर?

बीबीसीची १९९५ची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिका बघून जेन ऑस्टेनच्या कादंबरीकडे वळलेली मंडळी मला हमखास विचारतात, “नायक डार्सी तळ्यात उडी मारून ओल्या शर्टात समोर येतो, ते कितव्या पानावर आहे?”

कुठल्याच नाही. १८१३च्या कादंबरीत नायिका एलिझाबेथ डार्सीचा पेंबर्लीचा वाडा बघायला आलेली असते, तबेल्याकडच्या रस्त्यानं मालक अचानक पुढ्यात येतो. मध्ये जेमतेम वीस यार्ड, दोघांचेही चेहरे लाल आणि त्याचे कपडे कोरडेठाक. ती उडी पटकथाकार अँड्र्यू डेव्हिसची.

मला ती खटकत नाही. कादंबरी बहुतेक एलिझाबेथच्या नजरेनं चालते. ती नसताना डार्सी काय करतो, आपल्याला कळतच नाही. सहा भागांच्या मालिकेत नायकाला असं दाराआड ठेवून कसं भागणार? म्हणून डेव्हिसनं त्याला तलवारबाजी करायला लावली, अंघोळसुद्धा घातली. कॉलिन फर्थनं डार्सी इतका घुमा रंगवलाय, की त्याला काहीतरी उद्योग हवाच होता.

माझी तक्रार आहे ती पत्राबद्दल. लग्नाला नकार मिळाल्यावर डार्सी तिला लांबलचक पत्र देतो. त्याआधी विकहॅम नावाच्या गोडबोल्या लष्करी अधिकाऱ्यानं डार्सीविरुद्ध तिचे कान भरलेले असतात; पत्रात डार्सी त्याची दुसरी बाजू सांगतो. पुस्तकात तिच्या हातात फक्त कागद. खरं कोण बोलतोय? ती चिडून पत्र ठेवून देते, अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते. पहिल्याच ओळखीत परक्या मुलीपुढे विकहॅमनं डार्सीचं इतकं उणंदुणं का काढलं, हे तिला तेव्हा कुठे जाणवतं. मालिकेत मात्र डार्सी रात्री लिहीत बसतो आणि रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी त्याच्या धाकट्या बहिणीला पळवून न्यायच्या बेतात असलेला विकहॅम आपण डोळ्यांनी बघतो. डोळ्यांनी बघितलं म्हणजे खरंच की! एलिझाबेथच्या हातात पत्र पडायच्या आधीच आपला निवाडा झालेला. एलिझाबेथ झालेल्या जेनिफर एलीच्या चेहऱ्यावर पुढे सगळं उमटतं, पण तिच्याबरोबर अडखळायची सोय आपल्याला उरत नाही.

म्हणून मालिका आधी बघितलीत तर बिघडलं असं मुळीच नाही. ॲलिसन स्टेडमननं रंगवलेली एलिझाबेथची आई, मिसेस बेनेट, तर आपल्याकडच्या कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये खपून जाईल! पुस्तक उघडलंत की तळं शोधू नका, पत्राची ३५ आणि ३६ ही प्रकरणं सावकाश वाचा. खंडवार आकडे असलेली प्रत असेल, तर दुसऱ्या खंडातलं बारावं आणि तेरावं.