तो पेटीवाला

मागच्या रविवारी भर दुपारी मोठ्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. 'शोपँचं स्प्रिंग वॉल्ट्झ. डोळे मिटून ऐका.' वर गुलाबी फुलांचं झाड. मी डोळे न मिटता ऐकलं आणि हसायलाच आलं. अहो, शोपँ कसला, हा तर आपला रिचर्ड क्लेडरमन, तो फ्रेंच पियानोवादक! धून 'मारियाज दामूर', संगीतकार पॉल द सेनव्हिल यांची, 1970 च्या दशकातली. शोपँ, तो जुना पोलिश संगीतकार, 1849 मध्येच गेला. पण कुणीतरी पाटी चुकीची लावली आणि जगभर लोक तिला शोपँची समजून डोळे पुसत बसले. काकांना काही कळवलं नाही. मान डोलावताहेत तर डोलावू देत.

आमच्याकडे क्लेडरमनची कॅसेट होती. सोनेरी केस, पांढरा सूट, चेहऱ्यावर घाम म्हणून नाही. मूळ नाव फिलिप पाझेस. पण परदेशी लोकांना ते नीट म्हणता येणार नाही म्हणून पणजीचं आडनाव घेतलं म्हणे. त्याचा आमच्या घरी काही उपयोग झाला नाही. आजीने त्याला शेवटपर्यंत 'तो पेटीवाला' असंच म्हटलं.

आप्पांना तो सोसायचा नाही. 1940 साली रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती योग्यच होती आणि 1971 मध्ये उगाच शिथिल केली, अशा मताचे ते. मग पियानोची काय कथा! "मींड, सुरावरून सुरावर घसरत जाणं, कुठाय यात? नुसते ठोकळे," म्हणायचे आणि खुर्ची उचलून गॅलरीत जायचे. बरोबरच होतं त्यांचं. डावा हात सा-ग-प उकलत बसतो, उजवा हात वर एक गोडसर ओळ म्हणतो, आणि आता कंटाळा येणार असं वाटतं तेवढ्यात मागून व्हायोलिनांचा ताफा येतो. दर वेळी येतो. येणार हे माहीत असतं, तरी मी हातातलं काम थांबवते. माझा एकच हट्ट: हे संगीत शेजारच्या खोलीतून ऐकायचं. हेडफोन लावून ऐकलं की त्यातली साखर दाताला लागते.

बाबा ती कॅसेट फक्त पाहुणे आले की लावत. त्यांचा हिशोब पक्का होता. नाट्यगीत लावलं तर कुणीतरी गायला लागणार, सिनेमाची गाणी लावली तर घर उथळ दिसणार. पेटीवाला निर्धोक. त्यामुळे आत्याला बघायला मंडळी आली की आवाज दोनवर ठेवून हाच. मी दाराच्या पडद्यामागे. आत्या पोह्यांचा ट्रे घेऊन निघाली की बशांवरचे चमचे किणकिणायचे आणि मागे व्हायोलिनं सुरू व्हायची, जणू बाबांनी वेळ जुळवून आणलीय. एकदा मुलाच्या मामांनी विचारलं, "हे मुलगी वाजवते का?" बाबा क्षणभर, अगदी क्षणभरच, हो म्हणायच्या बेतात होते.

'बालाद पूर आदलिन' ही पेटीवाल्याची सगळ्यात गाजलेली धून. सेनव्हिल यांनी ती आपल्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीसाठी रचली. वाजवायला वीसेक पियानोवादक पारखले, त्यातून हा निवडला. साल 1976. म्हणजे ती आदलिन आता पन्नाशीची. तिच्यासाठी रचलेली धून आपण लिफ्टमध्ये, दातांच्या दवाखान्यात, फोन होल्डवर ठेवून ऐकत आलो. तिला कसं वाटत असेल कोण जाणे. माझ्या नावाचं एखादं बडबडगीत जरी असं गावभर वाजलं असतं, तर मी गाव सोडलं असतं.

काकांचा तो व्हिडिओ मी आत्याला पाठवला. तिला आवडेल असं वाटलं. घरात सगळे तर म्हणायचेच, की ती कॅसेट तिची आवडती. लगेच फोन आला.

"मला कुणी विचारलं होतं का गं, आवडते का म्हणून?" आत्या म्हणाली. "मी आत पोहे परतत असायचे. हे सुरू झालं की कळायचं, लोक आले. अजून कुठे लागलं की पोटात गोळा येतो बघ."

मग म्हणाली, "नको पाठवूस परत."