मयताची नोंद शोधताना : रेकॉर्ड रूम ते रामकुंड

वंशावळ जुळवायला घेतलेला माणूस आधी ग्रामपंचायतीत जातो आणि हात हलवत परत येतो. यात ग्रामसेवकाचा काही दोष नसतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून लागू झाला आणि पंचायतीच्या कपाटात बहुतेक ठिकाणी त्यापुढच्याच वह्या असतात. त्याआधीचं काम महसूल खात्याचं. गावात कोण जन्मलं, कोण वारलं हे गाव नमुना नंबर १४ मध्ये लिहिलं जायचं, बोलण्यात त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. या वह्या तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये सापडतात. पणजोबा कधी आणि कशाने गेले, हे शोधायला मी आणि तात्या, म्हणजे माझे मोठे चुलते, नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या मूळ तालुक्याला गेलो ते त्यासाठीच.

जायच्या आधी घरी एक काम केलं आणि सगळा शोध त्यावरच तरला. शेताचे जुने फेरफार काढले. खातेदार गेला की वारसांची नावं लावायला फेरफार होतो आणि त्यात ‘खातेदार मयत, वारस अमुक अमुक’ असं लिहिलेलं असतं. आमच्या जमिनीचा असा फेरफार १९२१ चा निघाला. म्हणजे मृत्यू त्याच्या आधीचा. किती आधीचा, ते फेरफार सांगत नाही. वारस लावायला लोक दोन-चार वर्षं सहज लावत, अजूनही लावतात. पण शोधायची पट्टी तरी आखली गेली. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांनी जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर बघावं. पालक म्हणून बापाच्या जागी चुलत्याचं किंवा मामाचं नाव असेल, तर मुलगा शाळेत घालायच्या आधीच बाप गेला असण्याची शक्यता बरीच.

रेकॉर्ड रूमच्या भाऊसाहेबांना तात्यांनी पणजोबांचं नाव सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, “बाबा, नाव नंतर. आधी गाव सांगा, साल सांगा.”

हेच ध्यानात ठेवायचं. तिथे नावाची अनुक्रमणिका नसते. गावनिहाय गठ्ठे, लाल कापडात बांधलेले, त्यात सालवार वह्या. साल सांगता आलं तर तासाभरात काम होतं. ‘माझ्या पणजोबांची नोंद बघा’ एवढंच म्हणालात, तर कुणीही ‘अर्ज करा, कळवू’ म्हणेल, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

अर्ज साध्या कागदावर, तहसीलदारांच्या नावे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. गाव, नमुना नंबर १४, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, मयताचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आपलं नातं आणि कारण. कारणात ‘कौटुंबिक वंशावळीसाठी’ लिहिलं, कुणी हरकत घेतली नाही. सोबत आधारची झेरॉक्स आणि फेरफाराची प्रत जोडा. अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर आवक नंबर आणि शिक्का घ्याच, पुढे विचारायला तोच उपयोगी पडतो. आठवडे बाजाराच्या दिवशी आणि निवडणुकीच्या धामधुमीत जाऊ नका.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, त्याचा आपल्यासारख्यांना आयता फायदा झाला आहे. वर्षानुवर्षं न हललेले गठ्ठे सुटले, चाळले गेले, स्कॅन झाले आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. घरबसल्या ते आधी बघून घ्या. मात्र त्या यादीत नाव नाही म्हणून नोंदच नाही, असं समजू नका. ती यादी एका विशिष्ट कामासाठी केलेली आहे. बाकीच्या नोंदी वहीत तशाच आहेत.

आमची वही मोडीत होती. मोडीत आधी पूर्ण ओळीवर रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं जोडून जोडून लिहीत जातात. शब्द कुठे तुटतो ते नवख्याला कळत नाही. आकडे मात्र बरेचसे आपल्या ओळखीचे. तारीख, वय आणि महिन्याचं नाव एवढं ओळखता आलं तरी पान गाठता येतं, मग तेवढ्याच पानासाठी मोडी जाणकार गाठायचा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. तिथून शिकून गेलेले लोक वाचनाचं काम करतात. पैसे पानावर ठरतात, ते आधीच बोलून घ्यावे. नावांमध्ये ‘बिन’ किंवा ‘वलद’ आलं की पुढे बापाचं नाव, ‘कोम’ आलं की नवऱ्याचं.

फेरफारावरून आम्ही १९२१ पासून मागे येत होतो. १९१८ च्या दिवाळीच्या सुमाराची पानं आली आणि वही एकदम दाटली. एरवी आमच्या गावचा आख्खा महिना अर्ध्या पानात मावायचा. इथे पानामागून पान. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याने पुढे पुढे शब्द सोडून नुसत्या खुणा मारल्या आहेत. ही इन्फ्लुएंझाची साथ, मुंबईत त्या वर्षीच्या जून महिन्यात आली आणि पावसाळा सरता सरता दुसऱ्या लाटेने खेडी धरली. देशात कोटीच्या वर माणसं गेली. पणजोबांची नोंद त्यातच निघाली. घरात सगळे आजवर ‘प्लेगात गेले’ म्हणत आले. पटकी (कॉलरा), देवी, ताप, हगवण असे सरकारी रकान्यातले ठरावीक प्रकार. इन्फ्लुएंझाला निराळा रकाना नव्हता, म्हणून तो तापात गेला. त्यामुळे त्या दोन-तीन महिन्यांतला ‘ताप’ वेगळा वाचावा लागतो.

पणजोबांच्या वर तीन ओळी सोडून ‘मुलगी, दिवस ८’ अशी एक नोंद होती. बापाचं नाव त्यांचंच. मुलीला नाव नाही. तात्यांनाही ती ठाऊक नव्हती. म्हणून सांगतो, आपली ओळ सापडली की वही मिटू नका. मागचे-पुढचे दोन महिने वाचून काढा. बायका आणि तान्ही पोरं जमिनीच्या जुन्या कागदांवर सहसा येत नाहीत, ती इथेच भेटतात.

१९७० नंतरच्या मृत्यूचा दाखला मागितलात तर त्यात कारण मिळणार नाही. उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही, असं कायद्याच्या १७ व्या कलमातच आहे. नोंद नसेलच तर तोंडी ‘नाही’वर समाधान मानू नका, अनुपलब्धता प्रमाणपत्र मागा.

परतताना नाशिकला रामकुंडावर थांबलो. अस्थी घेऊन आलेल्यांची नोंद तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत असते. इथे पुन्हा गाव आणि आडनावच विचारतात, मग आपले उपाध्याय कोण ते कळतं. तारखा शकात, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शक १८४० ची आमची नोंद आजोबांच्या चुलत्यांनी केलेली निघाली, खाली त्यांचा अंगठा. मृत्यूची तारीख तिच्यात नाही, पण कोण आलं होतं आणि घरात तेव्हा कोण कोण होतं, ती नावं मिळाली. सरकारी वहीपेक्षा मला हीच जास्त कामाची वाटली. दक्षिणा द्यावी, घासाघीस करू नये. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी हेळवी, म्हणजे वंशावळी सांगणारे, गाठावेत, त्यांच्याकडे पिढ्यांची नावं असतात.

मराठवाड्यातल्यांचा मार्ग थोडा वेगळा आहे. १९४८ पर्यंत तिथे निजामाचं राज्य, त्यामुळे कागद पुष्कळदा उर्दूत आणि साल फसली, म्हणजे तिथलं महसुली. फसलीत ५९० मिळवा, अंदाज येतो. आणि कुठलेही असा, तालुका-जिल्हा तेव्हाचा धरा: जालना १९८१ मध्ये औरंगाबादेतून निघाला, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून, त्यामुळे जुने गठ्ठे कुठे ठेवलेत ते आधी फोनवर विचारून घ्यावं.

आमचं आता एक काम उरलं आहे. आजोबांचा धाकटा भाऊ गिरणीत होता, तो मुंबईतच वारला. मृत्यूची नोंद माणूस जिथे मरतो तिथली असते, गावची नव्हे. तेव्हा त्याला आमच्या कोतवाल बुकात शोधण्यात अर्थ नाही, महापालिकेच्या वॉर्डातच अर्ज करावा लागणार. तो कोणत्या चाळीत राहायचा, ते तात्या सध्या भावकीत विचारताहेत.