दोन जागा खालचं

जुलैत आठवड्याभराच्या अंतराने अमेरिकेतल्या दोन लॉ स्कूलचे होकार आले. जेडीचं, म्हणजे तिथल्या तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीचं, पहिलं वर्ष एका लहानशा कॉलेजात काढलं होतं, निकाल अपेक्षेपेक्षा बरा लागला म्हणून ट्रान्सफरचे अर्ज टाकले होते. दोन्ही कॉलेजं जुळ्या बहिणींसारखी. फी जवळजवळ तेवढीच, ट्रान्सफरवाल्यांना स्कॉलरशिप दोघींकडे शून्य. क्रमवारीत एक दुसरीच्या दोन जागा वर. डिपॉझिट भरायला नऊ दिवस.

आईचा सल्ला फोनवर लगेच मिळाला. "वरचं घे की गं, विचार काय करायचाय त्यात?"

पहिले तीन दिवस मी एक्सेलमध्ये घालवले. बार परीक्षेत, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेत, किती पास होतात, पदवीनंतर १० महिन्यांनी किती जणांकडे पूर्णवेळ आणि टिकाऊ वकिलीची नोकरी असते, हे सगळं अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमाने कॉलेजांना जाहीर करावंच लागतं. फरक निघाला दीड टक्क्याचा. दीड टक्क्यावर कुणी गाव बदलत नाही.

चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की हे आकडे तिथे तिन्ही वर्षं काढणाऱ्या मुलांचे आहेत. मी जाणार अर्ध्यातून. क्रेडिट सोबत येतात, ग्रेड मागे राहतात, म्हणजे वर्षभर रक्त आटवून कमावलेला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, नव्या ठिकाणी कोरा. मग कॉलेजं दरवर्षी जाहीर करतात त्या ५०९ नावाच्या अहवालातला ट्रान्सफरचा तक्ता उघडला. वरच्या कॉलेजने आदल्या वर्षी बाहेरून घेतलेले विद्यार्थी ४, खालच्याने ३७.

आधी ४ बघून छाती फुगली. किती निवडक! ३७ बघून शंका आली, आणि ती अगदीच खोटी नाही: ट्रान्सफरवाल्यांचे एलसॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण कॉलेजच्या प्रवेशाच्या आकडेवारीत धरत नाहीत, फी मात्र पूर्ण मिळते. आपण गुणी म्हणून निवडले गेलो की रिकामी बाकं भरायला, हे कुणी सांगत नाही.

तरी दोघींना एकच ईमेल पाठवली: ट्रान्सफरवाल्यांना क्लिनिक (खऱ्या अशिलांची कामं करत शिकायचा वर्ग) आणि जर्नल (विद्यार्थी चालवतात ते कायद्याचं नियतकालिक) मिळतं का? वरच्या कॉलेजचं उत्तर सभ्य होतं आणि त्यात काहीच नव्हतं. क्लिनिकच्या जागा एप्रिलमध्ये भरलेल्या. जर्नलची लेखनस्पर्धा मे महिन्यात झालेली, "पुढच्या वर्षी जरूर भाग घ्या." पुढच्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला! शिवाय संविधानाचा विषय त्यांच्याकडे पहिल्या वर्षात असतो, माझ्या जुन्या कॉलेजात दुसऱ्या. म्हणजे नव्या पोरांच्या वर्गात बसून तो करायचा.

खालच्या कॉलेजने ट्रान्सफरवाल्यांसाठी ऑगस्टमध्ये वेगळी लेखनस्पर्धा ठेवलेली, क्लिनिकमध्ये काही जागा राखलेल्या. तिथे आदल्या वर्षी आलेल्या एका मुलीशी बोलायला मिळालं. ती म्हणाली, पहिले दोन महिने कँटीनमध्ये एकटीच बसायचे, कारण सगळ्यांचे गट पहिल्या वर्षीच ठरलेले असतात. मग आम्ही ट्रान्सफरवाल्यांनीच टेबल धरलं. ३७ जणांचं टेबल होतं. ४ जणांचं झालं असतं का, माहीत नाही.

मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. शिक्षणानंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची, सायन्सवाल्यांना मिळते तशी वाढ वकिलीला नाही. त्यामुळे क्लिनिक आणि जर्नल हे माझ्यासाठी हौसेचे प्रकार नाहीत, पहिल्या मुलाखतीत दाखवायला दुसरं काय असणार? सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंदही एकाच कॉलेजकडे सोडता येते, दोन्हीकडे पाय ठेवून बसायची सोय नाही.

आठव्या दिवशी रात्री डिपॉझिट भरलं आणि जुन्या कॉलेजच्या व्हिसा ऑफिसला नोंद सोडायची तारीख कळवली. मग आईला फोन.

"ठरलं?"

"ठरलं. दोन जागा खालचं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "फी तरी कमी आहे ना?"