टाकीची भिंत आणि सरासरी दाब

तपासणीला आलेला रिपोर्ट लोखंडी चौकोनी टाकीच्या कॉम्प्युटर मॉडेलचा होता. आत ४ मीटर पाणी, वर अर्धा मीटर मोकळा, लांब भिंत ६ मीटर. भिंतीवरचा एकूण भार ४७०.९ किलोन्यूटन, रिअ‍ॅक्शनही (आधारांनी परत दिलेला भार) तेवढीच. शेरा: ‘ओके’.

मी सवयीने दाबाचा कंटूर, म्हणजे कुठे किती दाब ते रंगांनी दाखवणारं चित्र, उघडला. पाण्याखालची अख्खी भिंत एकाच रंगाची! पाण्याचा दाब वर शून्य आणि तळाशी ३९.२ किलोपास्कल हवा. इथे सगळीकडे १९.६. बेरीज जुळणारच, सरासरी लावलीय ना.

सीनिअर म्हणाले, “अरे, बुडाशी मोमेंट (भिंत वाकवणारा जोर) दीडपट येतोय. सेफ साइडलाच आहोत.” हे खरं आहे, आणि तेच मला अजून छळतं. भिंत अखंड कँटिलिव्हर, म्हणजे फक्त बुडाशी पकडलेली, धरली तर सरासरी दाबाचा जोर निम्म्या उंचीवर येतो, खऱ्या पाण्याचा तळापासून एक तृतीयांशावर. पण या भिंतीत आडवे स्टिफनर (प्लेटला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) होते. त्यांच्यामधल्या ६ मिमी प्लेटला बुडाच्या मोमेंटशी देणंघेणं नाही. तिच्यासमोर जेवढं पाणी, तेवढाच तिचा भार. सगळ्यात खालचा पॅनेल ८०० मिमी उंच, मध्यावर दाब ३५.३. ताण थेट १.८ पट.

मॉडेल करणाऱ्या पोराने लगेच अख्ख्या भिंतीवर दाबाचं सूत्र टाकलं: घनता गुणिले ९.८१ गुणिले (४ वजा Z); Z म्हणजे तळापासूनची उंची. हुशार पोरगं, पण पाण्याच्या वर Z चारच्या पुढे जातो, दाब उणे होतो आणि मोकळी भिंत आत ओढली जाते. रिअ‍ॅक्शन ४६३.५ आली. “दीड टक्का मेशिंगचा (मॉडेलचे छोटे तुकडे पाडण्याचा) असेल,” असं कुणीतरी म्हणालं. मेशिंगला किती पापं चिकटवायची! स्टॅटिकमध्ये, म्हणजे काहीच हलत नसताना, लावलेला भार तेवढाच परत येतो. कमी आला तर लावलाच कमी. पाण्याच्या पातळीवर पृष्ठभागाचे पुन्हा दोन भाग (पार्टिशन) केले, भार फक्त खालच्या भागाला दिला, आकडा जुळला.

खालची प्लेट ८ मिमी केल्यावर ताण जवळपास पहिल्या रिपोर्टइतकाच आला. वजन का वाढलं म्हणून परचेसने दोनदा विचारलं. रिपोर्टच्या फॉरमॅटमध्ये दाबाच्या कंटूरचं पान घाला, असं मी लेखी कळवलंय. फॉरमॅट ऑडिटमध्ये मंजूर झालेला आहे, म्हणून तूर्त बदलता येत नाही, असं उत्तर आलं. त्यात रकाना अजूनही एकच आहे: एकूण रिअ‍ॅक्शन.