सरासरी ०.९८ आणि नळीतला बुडबुडा

व्हेंचुरीमीटर म्हणजे मध्ये अरुंद गळा (थ्रोट) असलेला पाइपाचा तुकडा; रुंद भाग आणि गळा यांच्या दाबातला फरक मॅनोमीटरमधल्या पाऱ्यावर वाचून विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, काढतात. त्याच्या लॅबमधल्या प्रयोगातला हा आकड्यांचा संच बघा. पाऱ्याच्या पातळीतला फरक साधारण १०, ४०, १०० आणि १६० मिमी येईल असा विसर्ग चार वेळा बदलला. गणित केल्यावर सीडी (विसर्ग गुणांक: टाकीत मोजलेला प्रत्यक्ष विसर्ग भागिले दाबाच्या फरकावरून काढलेला सैद्धांतिक विसर्ग) आला १.०४, ०.९७, ०.९६ आणि ०.९५. सरासरी ०.९८. पुस्तकातही ०.९८ च आहे, त्यामुळे जर्नलवर सही होते आणि बॅच पुढच्या प्रयोगाकडे वळते.

चारही रीडिंग चुकलेली आहेत. हा संच मुद्दाम हिशेबाने तयार केला आहे: खरा सीडी सगळीकडे ०.९५ धरला आणि मॅनोमीटरकडे जाणाऱ्या एका नळीत दोन सेंटिमीटर लांबीचा हवेचा बुडबुडा अडकवला. बस, एवढंच. बाकी सगळं बिनचूक.

बुडबुडा नेमकं काय करतो ते पाहू. अप-स्ट्रीमच्या, म्हणजे थ्रोटच्या अलीकडच्या, टॅपिंगमधून (दाब घेण्याच्या छिद्रातून) नळी खाली उतरते आणि पाऱ्यावर दाब देते. त्या उभ्या भागात २० मिमी पाण्याऐवजी हवा असेल, तर पाऱ्यावरचा दाब २० मिमी पाण्याच्या स्तंभाइतका कमी होतो. पाण्याखालचा पारा १२.६ पटीने हिशेबात येतो (१३.६ वजा १), म्हणजे पाऱ्याच्या फरकात तूट २० भागिले १२.६, जवळपास १.६ मिमी. फरक १६० मिमी असताना हे १.६ कुणाच्या लक्षातही येत नाहीत. १० मिमीला मात्र तेवढेच १.६ मिमी म्हणजे १६ टक्के, आणि वर्गमुळातून गेल्यावर (सैद्धांतिक विसर्ग फरकाच्या वर्गमुळावरून काढतात) सीडीत ९ टक्के वाढ. बुडबुडा थ्रोटकडच्या नळीत असता तर उलटं झालं असतं: फरक जास्त दिसला असता आणि कमी विसर्गाला सीडी ०.८८ च्या आसपास आला असता. आडव्या भागात हाच बुडबुडा असेल तर काहीच बिघडत नाही. म्हणून ‘हवा आहे का’ याबरोबरच ‘हवा कुठे आहे’ हेही बघावं लागतं.

सरासरी काढली की हे सगळं पुसलं जातं. त्याऐवजी आडव्या अक्षावर पाण्याच्या स्तंभातल्या फरकाचं वर्गमूळ आणि उभ्या अक्षावर प्रत्यक्ष विसर्ग घेऊन आलेख काढा. रिग (प्रयोगाची मांडणी) ठीक असेल तर रेषा सरळ येते आणि शून्यातून जाते. बुडबुडा असेल किंवा मॅनोमीटरचं शून्य सरकलं असेल, तर रेषा शून्याला चुकवते आणि खालच्या टोकाला वाकते. उतारावरून सीडी काढायचा, शून्यावरून रिगची तब्येत ओळखायची. लॉग-लॉग कागदावर काढलं तर उतार ०.५ यायला हवा, ०.४६ आला तर गणित परत तपासत बसण्याआधी नळ्या तपासा.

आता त्या ०.९८ बद्दल. हा आकडा कुठून आला हे फारसं कुणी विचारत नाही. क्लासिकल व्हेंचुरीसाठी आयएसओ ५१६७ या मानकात सीडीचे जे आकडे आहेत, त्यात ओतीव, आतून मशिनिंग न केलेल्या कन्व्हर्जंटसाठी (थ्रोटकडे निमुळत्या होत जाणाऱ्या भागासाठी) ०.९८४ आणि मशिनिंग केलेल्यासाठी ०.९९५ आहे. पण ते आकडे ठरावीक मर्यादेतच लागू होतात. ओतीव प्रकाराला पाइप किमान १०० मिमी, मशिनिंगवाल्याला किमान ५० मिमी, आणि दोन्हींना रेनॉल्ड्स क्रमांक (वेग गुणिले व्यास भागिले पाण्याची कायनेमॅटिक स्निग्धता) किमान दोन लाख. आपल्या लॅबमधला पाइप २५ मिमी, थ्रोट १५ मिमी. सेकंदाला ०.९ लिटर पाणी गेलं तर पाइपात वेग १.८३ मीटर प्रति सेकंद, आणि ३० अंश तापमानाला रेनॉल्ड्स क्रमांक साधारण ५७ हजार. मर्यादेच्या कितीतरी खाली. या भागात सीमास्तराचा (भिंतीलगतच्या संथ थराचा) वाटा वाढतो आणि सीडी कमी होत जातो. अशा लहान रिगवर स्वच्छ हाताने केलेल्या प्रयोगात ०.९४ किंवा ०.९५ आला तर तो दोष नाही, ते रिगचं खरं उत्तर आहे. उलट प्रत्येक बॅचला बरोबर ०.९८ येत असेल, तर पेन्सिल आधी आणि पंप नंतर चालू होतोय असं समजायला हरकत नाही.

प्रयोग सुरू करताना पाण्याच्या आधी पट्टी हातात घ्या. मेजरिंग टँकची मापं प्लेटवर ३० × ३० सेमी लिहिलेली असतात, ती आतून स्टीलच्या टेपने मोजा. पत्र्याची जाडी, आतून गेलेला ओव्हरफ्लो पाइप, फुगलेली बाजू यामुळे क्षेत्रफळ एक-दोन टक्के सहज बदलतं. थ्रोटचा व्यास मोजायला मीटर उघडावा लागतो, तो रोज शक्य नाही. पण वर्षातून एकदा उघडून इनसाइड कॅलिपर लावायला हवा. बोअरचं पाणी असेल तर क्षाराचा थर बसतोच. भिंतीवर ०.१ मिमी थर म्हणजे व्यासात ०.२ मिमी घट, म्हणजे १५ चा १४.८, आणि सीडी जवळजवळ ३ टक्क्यांनी कमी. थ्रोटच्या चुकीची किंमत दुपटीने मोजावी लागते, कारण व्यासाचा वर्ग येतो.

मग पंप. बायपास (पंपाचं पाणी व्हेंचुरी टाळून परत सोडणारा मार्ग) पूर्ण उघडा, व्हेंचुरीच्या पुढचा (पाणी बाहेर पडतं त्या बाजूचा) व्हॉल्व्ह बंद, मॅनोमीटरचे दोन्ही कॉक बंद. पंप चालू करून पुढचा व्हॉल्व्ह उघडा आणि पाच मिनिटं पाणी फिरू द्या, म्हणजे पाइपातली हवा निघते. विसर्ग नेहमी व्हेंचुरीच्या पुढच्या व्हॉल्व्हने बदलायचा, मागच्याने नाही. मागचा आवळला आणि पुढचं टोक मोकळं राहिलं तर थ्रोटमधला दाब हवेच्या दाबाखाली जातो, आणि सैल क्लॅम्पमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. काही मुलं तासभर हवा काढत राहतात आणि ती पुन्हा पुन्हा येत राहते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

मॅनोमीटर जोडताना घाई नको. मधला समतोल कॉक आधी उघडा, मग दोन्ही बाजूंचे कॉक एकाच वेळी, थोडे थोडे. एकच बाजू एकदम उघडली तर पंपाचा सगळा दाब एका भुजेवर येतो, पारा दुसऱ्या भुजेतून वर चढतो आणि नळीतून थेट पाइपात. पुढे तो सम्पमध्ये (खालच्या साठवण टाकीत) जाऊन बसतो. सांडलेला पारा झाडूने लोटायचा नाही, व्हॅक्यूम क्लीनरने तर मुळीच नाही. खिडक्या उघडायच्या, थेंब ड्रॉपरने किंवा कागदाच्या कडेने गोळा करून पाणी भरलेल्या बंद बाटलीत ठेवायचे, फटींमध्ये गंधकाची पूड टाकायची. पाऱ्याच्या वापरावर बंधनं घालणारा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये स्वीकारला. नवीन रिग घेताना पारा टाळणंच शहाणपणाचं. उलटा यू-मॅनोमीटर (वर हवा, खाली पाणी) लावला तर १० मिमी पाऱ्याच्या जागी १२६ मिमी पाणी दिसतं, आणि कमी विसर्गाचं वाचन एकदम सोपं होतं. मोठ्या विसर्गाला मात्र मीटरभर उंच नळी पुरत नाही, तिथे डिजिटल डिफरन्शियल प्रेशर गेज लागतो. आणि हो, नळीत अडकलेला बुडबुडा पाण्याच्या मॅनोमीटरमध्येही २० मिमीचाच आहे. टक्केवारीत काहीच फरक पडत नाही.

हवा काढणं म्हणजे वरचे एअर कॉक उघडून फस्स आवाज आला की बंद करणं नव्हे. पाण्याची सलग, दुधाळपणा नसलेली धार येईपर्यंत उघडे ठेवा. पारदर्शक नळीवर बोटाने टिचकी मारत खालून वर या. चिकटून बसलेले लहान बुडबुडे असेच सुटतात. नळीला मध्येच उंचवटा आला असेल तर हवा तिथे हमखास साठते, नळी सरळ बांधा. मग सगळ्यात महत्त्वाची तपासणी, जी बहुतेक जर्नलमध्ये नसतेच: पंप चालू ठेवून पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि समतोल कॉकही बंद करा. आता दाब आहे, प्रवाह नाही. दोन्ही भुजा समान पातळीवर यायला हव्यात. एक मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा हवा काढा. हे ‘शून्य रीडिंग’ तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहा आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा एकदा घ्या. समतोल कॉक बंद करायला विसरलात किंवा तो झिरपत असेल, तर शून्य छान जुळेल पण प्रत्येक रीडिंगला फरक कमी दिसेल आणि सीडी सगळीकडे एकापेक्षा जास्त येईल. सीडी एकापेक्षा जास्त आला म्हणून खोडून ०.९ काहीतरी लिहिण्यापेक्षा तो कॉक बघणं सोपं आहे.

वाचताना डोळा पातळीला समांतर. पाऱ्याचा पृष्ठभाग फुगीर असतो, त्याचा माथा वाचायचा; पाण्याचा खोलगट असतो, त्याचा तळ. पारा नाचत असेल तर दोन्ही बाजूंचे कॉक सारखेच थोडे आवळा, तो शांत होईल. प्रत्येक नव्या विसर्गाला निदान दोन मिनिटं थांबा.

टाकीत पाण्याची वेळ घेताना शून्यापासून सुरुवात करू नका. तळाशी उतार असतो, ड्रेनचं तोंड असतं, तिथे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी नसतंच. १० सेमीच्या खुणेपासून ३० च्या खुणेपर्यंत घ्या. ३० × ३० टाकीत ते १८ लिटर होतात. सेकंदाला ०.९ लिटर असेल तर २० सेकंद. बोटाची चूक ०.३ सेकंद धरली तर दीड टक्का. बरेच जण फक्त १० सेमी चढाव घेतात, तिथे हीच चूक तीन टक्के होते, आणि तीन टक्क्यांच्या चुकीवर सीडी तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिला जातो! ड्रेन व्हॉल्व्ह गळतो का तेही बघा: टाकी भरून पाणी थांबवा आणि मिनिटभर काचनळीकडे बघा. पातळी दोन मिमी उतरली तर मिनिटाला १८० मिलि, म्हणजे सेकंदाला ३ मिलि गळती. मोठ्या विसर्गाला नगण्य, सेकंदाला ०.२८ लिटरला एक टक्का.

चुकांचा अंदाज कागदावर मांडण्याआधी बॅचला तो डोळ्यांनी दिसावा, यासाठी एक सोपी गोष्ट करता येते. विसर्ग एकच ठेवायचा आणि पाच जणांनी, एकमेकांचे आकडे न बघता, तीच वेळ मोजायची. पाच आकड्यांमधला विस्तार हीच मोजमापाची अनिश्चितता. वीस जणांच्या बॅचमध्ये एरवी चौघं काम करतात (व्हॉल्व्ह, मॅनोमीटर, घड्याळ, वही) आणि सोळा जण मोबाइल बघतात. त्यातल्या काहींना तरी यात काम मिळतं. व्हर्च्युअल लॅबवर हाच प्रयोग माउसने करता येतो, सूत्र पक्कं व्हायला ते ठीकही आहे. पण तिथल्या नळीत बुडबुडा अडकत नाही.

रेनॉल्ड्सच्या प्रयोगात (काचनळीतल्या पाण्यात रंगाची रेघ सोडून प्रवाह कधी बिघडतो ते बघायचं) दुखणं वेगळं आहे, तापमानाचं. पाण्याची कायनेमॅटिक स्निग्धता २० अंशांना सुमारे १.० मिमी² प्रति सेकंद, ३० अंशांना ०.८०, ३५ अंशांना ०.७२. एप्रिलमध्ये विदर्भातल्या लॅबच्या टाकीत २० अंशांचं पाणी कुठून येणार? तरी वहीत स्निग्धता १.० च लिहिली जाते आणि रेनॉल्ड्स क्रमांक पाव हिश्शाने चुकतो. थर्मामीटर टाकीत बुडवायला दहा सेकंद लागतात. २५ मिमीच्या काचनळीत ३० अंशांना २००० हा क्रमांक गाठायला सेकंदाला फक्त ३१ मिलि पाणी लागतं. म्हणजे लिटरचं मोजपात्र भरायला ३२ सेकंद. मेजरिंग टँक इथे निरुपयोगी. पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण फिकट गुलाबी ठेवा. गडद केलं तर ते पाण्यापेक्षा जड होऊन नळीत खाली वाकतं आणि मुलं त्यालाच प्रवाह बिघडला म्हणतात. सुईतून रंग नळीतल्या पाण्याच्याच वेगाने सुटायला हवा, नाहीतर सुईच्या टोकालाच भोवरे उठतात.

आणि टाकी भरली की निदान वीस मिनिटं थांबा. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये मँचेस्टरला शांत ठेवलेल्या टाकीतून आणि घंटेसारख्या तोंडाच्या नळीतून रंगाची सरळ रेघ रेनॉल्ड्स क्रमांक १३ हजारांच्या आसपास जाईपर्यंत टिकवली होती. ते उपकरण मँचेस्टरमध्ये अजून जपलेलं आहे, पण पुढे त्याच उपकरणावर प्रयोग पुन्हा केला तेव्हा रस्त्यावरच्या वाहतुकीच्या हादऱ्यांमुळे तेवढा आकडा गाठता आला नाही. आपल्याकडे दोन फुटांवर व्हेंचुरीचा पंप घरघरत असतो आणि रेघ २५०० लाच थरथरू लागते. रंग सोडण्यापूर्वी शेजारच्या बॅचला तेवढा वेळ पंप बंद ठेवायला सांगा.